कच्ची बांधणी

सकाळचा उजेड आमच्या सज्ज्यात थेट कधीच येत नसे. तो आधी गौलीगुड्याच्या बस-अड्ड्याच्या त्या अवाढव्य, पाठ वाकवलेल्या पत्र्याच्या छपरावर उतरे, तिथे बराच वेळ काहीएक न करता पडून राही, आणि पत्र्याचे पोट भरले म्हणजे उरलासुरला समोरच्या पिवळट भिंतीकडे आणि तिथून परतून आमच्याकडे येई. मी त्याला मनातल्या मनात उष्टा उजेड म्हणत असे. माघातल्या त्या सकाळी तो नेहमीपेक्षाही सावकाश आला. प्रथम तुळईला लागलेली जळमटे करडी झाली, मग पांढरी. मग चुन्याच्या भिंतीवरचा एकेक पोपडा आपापल्या सावलीनिशी वेगळा दिसू लागला, आणि भिंतीला कातडीचा काही रोग झाला असावा तशी ती दिसू लागली. उजेड तसाच खाली सरकला. दोरीवर पिळून टाकलेल्या लुगड्याच्या काठाशी थांबला, हंड्याच्या पोचलेल्या कुशीत एक बोचरा ठिपका होऊन बसला, नळाखालच्या शेवाळावरून घरंगळत गेला. त्यात सुंदर असे काहीही नव्हते. पण टेबलाशी बसून, दौतीचे झाकण काढून, खिडकीच्या गजांतून त्याचे उतरणे पाहत राहिले की आपल्या हातून काहीतरी चालले आहे असे वाटे, आणि कचेरीची वेळ होईपर्यंत तेवढे वाटणे मला पुरे होई.

त्या दिवशी तो उजेड लीलावहिनींच्या पायावर उतरला. लीलावहिनी म्हणजे सज्ज्याच्या पलीकडल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, कोर्टातल्या एका पेशकाराच्या पत्नी. उंबऱ्याशी बसून त्या अंबाडीची पाने खुडत होत्या, आणि हात भाजीत गुंतल्यामुळे समोर पसरलेले काही छापील कागद त्यांनी पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरले होते. पान संपले की अंगठा उचलत, ओल्या मनगटाने पान उलटत, आणि अंगठा पुन्हा टेकवत. कागदाला पाय लागला तर तो कपाळाला लावायचा असे ज्या घरात मी शिकलो त्या घराने शिकवलेली शिसारी माझ्या अंगावर उठली. मग उजेड आणखी सरकला, कागदावर आला, आणि अक्षर वाचता येण्याआधीच मी त्या पानाचा आकार ओळखला. दोन लांब परिच्छेद, आणि त्यांच्या मधोमध एकटी उभी असलेली एक ओळ. ती ओळ तशी एकटी राहावी म्हणून छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याशी मी, ज्याला टांगेवाल्याशी हुज्जत घालता येत नाही असा मी, घाम फुटेपर्यंत वाद घातला होता. ते माझे पुस्तक होते. पुस्तक कसले, पुस्तकातून उपटलेला एक लचका होता; कडेला शिलाईचे दोरे लोंबत होते, वर वेष्टन नव्हते, खाली शेवट नव्हता.

“विमल, तुझं झालं का गं वाचून?” लीलावहिनींनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारले.

“कवाच की. म्हातारा मेला तेव्हा इतकं रडले वैनी, नाक पुसायला पदर बी सुचंना, ह्या कागदालाच—”

“सांगितलीस नं शेवटी! सटवे, मी अजून भिंतीपाशीच हाव!”

“तुम्हीच विचारूलालाव, मी सांगूलाले.”

विमल, त्यांची नणंद, बाहेर आली. टंकलेखनाच्या वर्गाला जाण्यासाठी तिने वेणी घातली होती आणि दुसरा एक लचका काखेत धरला होता. माझ्या कादंबरीचा शेवट तिच्या काखेत होता. खिडकीत मी दिसताच ती हसली. “वैनी, दादांनाच विचारा की. रोज दौत उघडून बसतात.”

“खरंच भावजी,” लीलावहिनी म्हणाल्या, “तुम्ही शिकलेले माणूस. हे कुठलं पुस्तक असंल हो? नाव फाटून गेलंय. नांदेडहून बहिणीनं दिलं. तिच्या जावेनं म्हणं तीन तुकडे केले, तिघींना एकदम वाचता यावं म्हणून. आमच्या हाती दोनच आले.”

“मधला भाग?” मी विचारले.

“तो लोणच्याच्या बरणीला बांधला म्हणं, फडकं मिळंना तर,” विमल म्हणाली. “सगळं तेल पिऊन बसला.”

“मग मध्ये काय घडले ते तुम्हाला—”

“ते आम्हीच ठरवलाव,” लीलावहिनी म्हणाल्या, आणि अंबाडीचा देठ मोडावा तितक्या सहजपणे त्यांनी सांगितले, “म्हाताऱ्याची एक चोरून ठेवलेली बायको असती, बेगमबाजारात. तिचं पोर एक दिवस दारात उभं राहतं. म्हणून तो भिंत अर्धीच सोडतो. बरोबर बसतंय की सगळं.”

“बायको न्हाई वो, सोनं! भिंतीत सोनं असतं, रझाकारांच्या भेवानं पुरलेलं.”

“तुला मेलीला सोन्याशिवाय काही सुचतं का? लग्न ठरूलालंय नं हिचं, भावजी. बरं तुम्ही सांगा. बायको का सोनं?”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

“लिहिणाऱ्याला तरी ठाऊक असंल का, कुणाला ठाऊक,” विमल म्हणाली, आणि काखेतले कागद उंबऱ्यावर टाकून जिना उतरून गेली.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. वेष्टनाबरोबर माझे नाव फाटून गेले होते, आणि ते सांगणे म्हणजे त्या तेलकट, नाक पुसलेल्या, पायाखाली दाबलेल्या वस्तूला हे माझे म्हणून कवटाळणे होते. माझ्या तोंडात कुणीतरी न विचारता बोट घालून दात मोजीत असावे तसे मला होत होते. उंबऱ्यावर पडलेल्या कागदांचे वरचे पान शेवटचे होते. त्याच्या कोपऱ्यात वाळलेला, चकाकणारा एक डाग होता आणि उष्टा उजेड आता नेमका त्या डागावर येऊन बसला होता. मधल्या भागात ना बायको होती ना सोने. तिथे एक म्हातारा आपण अर्धी बांधलेल्या भिंतीसमोर बसून राहतो आणि विचार करतो. बाकी काहीही होत नाही. ते काहीही न होणे हीच माझी सगळी मिळकत होती. मी खिडकी लावून घेतली. आज भगवंतरावांना शेवटचे उत्तर द्यायचे होते, आणि निदान त्या सकाळी ते उत्तर माझ्याजवळ तयार होते. त्यांनी माझी पहिली कादंबरी, ‘अर्धी भिंत’, छापली होती. दुसरी त्यांना आपल्या स्वस्त मालेत हवी होती, कच्च्या बांधणीत, वर भडक चित्र लावून. पक्क्या बांधणीत काढणार असाल तरच देईन, असे सांगून मी वर्षभर त्यांना टाळत आलो होतो. आज हो म्हणायचे, नाहीतर माला माझ्यावाचून पुढे जाणार होती, आणि या शहरात मराठी पुस्तक छापणारा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. पुन्हा एकदा पुठ्ठ्यावाचूनच्या, कण्यावाचूनच्या वस्तूवर माझे नाव घालायचे, की पुस्तक म्हणता येईल असे पुस्तक होईपर्यंत थांबायचे, एवढाच प्रश्न होता.

पुस्तक म्हणजे काय हे मला एका काचेच्या कपाटाने शिकवले. माझे वडील आबासाहेब महसूल खात्यात होते. दिवसभर ते उर्दूत लिहीत, आणि घरी आले की हात धुऊन मराठी वाचत. हात धुऊन, हे मी शब्दशः लिहितो आहे. पुण्याहून पार्सलाने आलेली, कापडी पाठीची, सोनेरी अक्षरांची पुस्तके त्या कपाटात उभी असत आणि रविवारी मांडीवर पंचा पसरून ते एकेक बाहेर काढीत. कागदी वेष्टनाचे पुस्तक कुणी आणून दिलेच तर ते कपाटात जात नसे. पंचांगाबरोबर खुंटीवरच्या पिशवीत जाई. “कच्चं पुस्तक म्हणजे उभ्यानं खाल्लेलं जेवण,” असे ते म्हणत. माझी शाळा उर्दू होती. वर्गात अलिफ-बे, रस्त्यावर दखनी, घरात आईची ती मोडकी, ‘करूलाले, जाऊलाले’ची मराठी; शुद्ध मराठी मला ऐकून अशी कधी मिळालीच नाही. ती मी त्या पुठ्ठ्यांच्या आडून, पान न दुमडता, श्वासाचीही वाफ कागदावर येऊ न देता शिकलो. म्हणून मी लिहितो तसे आमच्याकडे कुणी बोलत नाही, आणि आमच्याकडे बोलतात तसे एक वाक्यही मला लिहिता येत नाही. लिहू गेलो तर पंचा न पसरता कपाट उघडल्यासारखा गुन्हा वाटतो. लहानपणी मी त्या पुस्तकांच्या कण्याला नाक लावीत असे. तिथे एक कच्चट, गोडसर, किंचित सडका वास असे. तो सरसाचा वास आहे आणि सरस जनावरांची खुरे आणि कातडी उकळून करतात, हे पुढे कळले तेव्हा मला ओकारी आली होती. उर्दूत बांधणीला जिल्द म्हणतात आणि जिल्द म्हणजे कातडीही. तरीसुद्धा मी नाक लावायचा थांबलो नाही. शिसारी आणि ओढ यांची शिलाई माझ्यात तेव्हाच कुठेतरी एका दोऱ्याने झाली असावी.

मग रझाकारांचे ते साल आले. संस्थानच्या सरहद्दीवर मालाच्या गाड्या थांबल्या, मीठ आणि औषधे मिळेनाशी झाली, आणि पुण्याहून येणारी पार्सलेही बंद पडली. त्या उन्हाळ्यात आबासाहेब गेले. औषधावाचून गेले असे आई म्हणे. मला मात्र काचेमागे नवे काही येणार नाही या जाणिवेने गेले असे वाटत राहिले, आणि असे वाटून घेण्याची मला लाजही वाटली. परसात त्यांनी स्वतःच्या हाताने एक भिंत घालायला घेतली होती, ती कंबरेएवढी होऊन थांबली. संध्याकाळी रस्ते ओस पडत. कुठल्या घरातून कुठले माणूस नाहीसे झाले याची कुजबूज जिन्यावर होई आणि मी दाराआड बसून राही. वाचायला काही नव्हते. कपाटातले सगळे पाठ झाले होते. केवळ त्या उपासमारीतून मी लिहू लागलो. कचेरीत बाद झालेल्या उर्दू अर्जांच्या कोऱ्या पाठीवर, जिथे पलीकडची शाई उजवीकडून डावीकडे झिरपत असे आणि माझी ओळ डावीकडून उजवीकडे जाऊन तिला मधेच भेटत असे. कोण वाचील हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. वाचणारे जगच सरहद्दीपलीकडे होते. शेवटचे पान, ज्यात म्हातारा पाणी मागतो आणि पेला येईपर्यंत भिंतीकडे पाहत असतो, ते मी वडिलांच्या तेराव्यानंतर लिहिले. त्या सकाळी उंबऱ्यावर पडलेले, नाक पुसलेले पान ते हेच.

भाद्रपदात फौजा आल्या, राज्य गेले, झेंडा बदलला. आमच्या कचेरीतल्या पाट्या उतरून नव्या लागल्या. मी मुतर्जिम होतो तो अनुवादक झालो, काम तेच राहिले. तिथेही आमची विभागणी कच्चे, म्हणजे तात्पुरते, आणि पक्के अशी झाली, आणि मी कच्च्यांत होतो. भगवंतराव आधी एका वकिलाचे मुन्शी होते. आबिड्सला पोस्टाच्या बाजूच्या गल्लीत त्यांनी पुस्तकांचे दुकान आणि मागे एक छापखाना काढला, आणि वडिलांच्या ओळखीने माझे ते अर्जांचे बाड मागून नेले. बहुतेक प्रती कच्च्या निघाल्या. माझ्या हट्टाखातर, आणि ग्रंथालयांना व पुण्याच्या समीक्षकांना पाठवण्याखातर, थोड्या प्रती पक्क्या करायचे ठरले आणि त्या छत्ता बाजारातल्या एका जिल्दसाजाकडे गेल्या. जन्मभर उर्दू आणि फारसी पुस्तके बांधलेल्या त्या गृहस्थांनी माझेही पुस्तक त्याच रीतीने बांधले. कणा उजवीकडे मानला. त्यामुळे सोनेरी नाव शेवटच्या पानाच्या बाजूला छापले गेले. नाव वर धरून पुस्तक उघडावे तर ते उजवीकडून उघडे आणि समोर येई ते शेवटचे पान. चूक एवढीच. पण ती चूक आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. दुकानात चहा झाला, जमलेल्या चार-सहा जणांनी प्रती हातात घेतल्या, सगळ्यांनी उजवीकडून उघडल्या, समोरचे पान वाचले, माना डोलावल्या. मीही उघडली. मीही वाचले. मराठी मी डोळ्यांनी शिकलो होतो. हात अजून शाळेतलाच होता. काही दिवसांनी पुण्याच्या एका पाहुण्याने प्रत हातात घेऊन, उलटीसुलटी करून, “हे काय हो, तुमच्याकडे आधी मरतात आणि मग जन्मतात का?” असे विचारले तेव्हा कुठे आम्ही एकमेकांच्या हातांकडे पाहिले. भगवंतराव पोट धरून हसले. “असू द्या! लायब्ररीत कोण उघडून बघतंय!” म्हणाले, आणि प्रती तशाच गेल्या.

तशीच एक प्रत पुण्याच्या एका मासिकाकडे गेली, आणि तिथे तिच्यावर परीक्षण आले. ‘मृत्यूपासूनच कथेला आरंभ करण्याचे विलक्षण धाडस या अपरिचित लेखकाने केले आहे. कालक्रमाची पुटे त्याने निर्दयपणे सोलून टाकली आहेत. त्याच्या पुढील कृतीची आपण उत्सुकतेने वाट पाहू.’ मी ते वाचले आणि माझ्या कानांतून ऊन वाहू लागले. माझ्या कादंबरीचा आरंभ एका बाजारातल्या विटांच्या गाडीपासून होतो. परीक्षकाने सोनेरी नावाच्या बाजूने एक पान वाचले होते, हे शेंबड्या पोरालाही कळले असते. पण मी ते कळून घेतले नाही. मी स्वतःशी युक्तिवाद केला: कदाचित त्यांनी म्हटले ते रूपकात्मक असेल, कदाचित सगळी कादंबरीच एका मरणाकडून मागे पाहते हे माझ्याही लक्षात न आलेले सत्य त्यांना दिसले असेल. काही महिन्यांत मला ते माझे तंत्र वाटू लागले. कचेरीत एकाने विचारले तेव्हा मी म्हणालो, “हो, कालक्रम मला मान्य नाही.” आणि बोलताबोलता तोंडात सरसाची चव आली. त्याच काळात कच्च्या प्रती बस-अड्ड्यावर, सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिकांशेजारी, दोरीला चिमट्यांनी लटकत होत्या, आणि पुण्याच्या कुठल्याही मासिकाने कच्च्या प्रतीची पोच दिली असे मी कधी ऐकले नाही. तेव्हापासून माझ्या मनात दुसरे पुस्तक उभे आहे. उभे, आडवे नव्हे. गडद निळ्या कापडाचे, जवळजवळ काळे वाटावे असे. कण्यावर नाव लहान, खोल दाबलेले, सोन्याऐवजी रुपेरी. आत पहिले पान कोरे, दुसऱ्यावर फक्त नाव, आणि डावीकडून, हलकेच, कुठलाही आवाज न करता उघडणारे. ते मी इतक्यांदा उघडले आहे की त्याच्या बिजागरीची ताकद माझ्या अंगठ्यात बसली आहे.

कचेरीला जाण्याआधी मी आबिड्सची वाट धरली. पुतळीबावलीच्या वळणावर ‘अर्धी भिंत’च्या कच्च्या प्रतीचा तो भडक रंग मला दोरीवर दिसलाच: ओला पदर, अर्ध्या भिंतीवर रेललेली एक बाई, तिच्या गळ्याखाली माझे नाव. चित्रकार सिनेमाचे फलक रंगवीत असे. कादंबरीत तरुण बाई एकही नाही. एक माणूस दोरीखाली उभा राहून, अंगठा थुंकीने ओला करून आतली पाने चाळीत होता. बाई कुठल्या पानावर आहे ते शोधीत असावा. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातला पानाचा लाल ओघळ खाली येत होता, आणि तो कुठे पडणार हे पाहायला मी थांबलो नाही.

“या, पक्के लेखक!” भगवंतरावांनी गल्ल्यावरूनच हाक मारली. दुकानात मागच्या बाजूने खळ शिजत असल्याचा आंबूस वास येत होता; मोरचूद घातलेल्या त्या निळसर लपशीत काही मुंग्या तरंगत होत्या. “बस. काय ठरलं? कच्ची का पक्की?”

“भगवंतराव, मी कच्च्या बांधणीत देणार नाही.”

“का पण?”

मला कारणे सांगायची होती, सांगता आली ती सकाळ. प्रतीचे तीन तुकडे, अंगठा, काख, बरणी. आपल्या घरातल्या बाईची कुणी रस्त्यात चेष्टा केली असे सांगावे तसे मी सांगत होतो. भगवंतरावांचे खांदे हलू लागले, मग पोट, मग ठसका लागून डोळ्यांतून पाणी आले.

“अरे मियाँ! म्हणजे एका प्रतीवर तीन-चार घरं जेवूलालीत, आणि तू सुतक धरून बसलास? माझ्या पक्क्या प्रतीला लोणच्याचा डाग लागलेला आजवर मी पाह्यला न्हाई. झुरळं तेवढी लागतात, खळीपायी.”

“तुम्हाला त्यात काहीच किळसवाणे वाटत नाही?”

“वाटतं की. पण किळस येईल इतक्या जवळ कुणी घेतलं, हे बी बघ नं.” त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि एकाएकी ते गंभीर झाले. तपकिरीची डबी बाजूला सरकवून त्यांनी आवाज उतरवला. “हे बघ श्रीनिवास, तुझ्या वडिलांचं माझ्यावर ओझं आहे म्हणून न्हाई सांगत. जिल्ह्याजिल्ह्यांत नव्या लायब्रऱ्या निघूलाल्यात. इथल्या मराठी लेखकाचं पुस्तक त्यांना पाहिजे, आणि त्यांची अट एकच, बांधणी पक्की. मालेचं मालेपाशी राहू दे. तुझं मी पक्कं काढतो. अख्खी आवृत्ती पक्की. एक बी कच्ची न्हाई. चित्र न्हाई, बाई न्हाई. खुश?”

वर्षभर ज्या भिंतीला मी पाठ टेकून बसलो होतो ती कुणी मागून काढून घ्यावी तसा मी गल्ल्यावर हात टेकला.

“आणि ह्या बारीला मी स्वतः उभा राहतो जिल्दसाजापाशी,” ते म्हणाले. “डावीकडून उघडंल. पुणेवाल्यांना आता पहिल्यापासून वाचावं लागंल, बिचाऱ्यांना! हे घे. कापड निवड.”

त्यांनी गल्ल्याखालून कापडांच्या चिंध्यांचा एक जुडगा काढून माझ्यापुढे टाकला. तांबडी, हिरवी, मातकट, आणि त्यांच्याखाली ती निळी होती. जवळजवळ काळी. मी ती उचलली. ती माझ्या अंगठ्याला आधीपासून ठाऊक होती. मी बोलू लागलो, आणि इतके सलग मी कुणापुढे कधी बोललो नसेन. कण्यावर अक्षर लहान हवे. सोने नको, रुपेरी हवे. ठसा खोल हवा, बोटाला लागला पाहिजे. पहिले पान कोरे. समास रुंद, वाचणाऱ्याचा अंगठा मजकुरावर येता कामा नये. कापडाचा काठ आत दुमडताना खळ बाहेर फुटता कामा नये. भगवंतराव पेन्सिलीने एकेक टिपत होते, मान हलवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मला वाटते, त्या क्षणी त्यांना माझ्याविषयी आदर वाटत होता. बाहेर पोस्टाच्या पायऱ्यांवर ऊन आले होते, माणसे चढत-उतरत होती, आणि मला आबासाहेबांच्या मांडीवर पसरलेल्या पंच्याचे पांढरे पसरट मैदान दिसत होते.

“झ्याक,” भगवंतराव म्हणाले. “आता पुठ्ठा सांगायचा म्हणजे जाडी पाहिजे. कणा केवढा धरू? बाड आणलास का? न्हाई? बरं, आणखी काही न्हाई तर अंदाज तरी सांग. केवढं होईल?”

मी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी वर धरली आणि त्यांच्यात अंतर सोडले. थोडे वाढवले. पुन्हा कमी केले. भगवंतरावांनी मेजावरची लाकडी पट्टी घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि डोळे बारीक करून ती पट्टी माझ्या दोन बोटांच्या मधल्या जागेला लावली.

“दीड बोट,” ते म्हणाले आणि लिहून घेतले. “चांगलं जाडजूड आहे की. उद्या घेऊन ये.”

“हो,” मी म्हणालो.

बोटे अजून तशीच उघडी होती. दुसऱ्या पुस्तकाची एक ओळही मी लिहिलेली नव्हती.